टर्बो, तेल आणि शेवटचा किलोमीटर

टर्बोचार्जर असलेली गाडी लांबून किंवा वेगाने आल्यावर लगेच बंद करू नये, इंजिन थोडा वेळ चालू ठेवून मगच किल्ली फिरवावी, हा सल्ला गॅरेजमधल्या मिस्त्रीपासून गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेपर्यंत सर्वत्र आढळतो. काही जण तो व्रतासारखा पाळतात आणि गल्लीच्या टोकापर्यंत दूध आणायला जाऊन आल्यावरही तीन मिनिटे गाडी घुरघुरत ठेवतात. काही जण तो जुन्या काळचा समज मानून सोडून देतात आणि घाट चढून आलेली गाडी उभी राहताक्षणी बंद करतात. सल्ला सर्वांपर्यंत पोहोचला, पण त्यामागचे कारण पोहोचले नाही, म्हणून ही दोन टोके निर्माण झाली. ते कारण समजून घेण्यासाठी टर्बोचार्जर म्हणजे काय, त्यात तेलाचे काम कोणते आणि इंजिन थांबल्यानंतरच्या काही मिनिटांत आत काय घडते, हे क्रमाने पाहावे लागते.

वाया जाणाऱ्या धुराचे काम

इंजिनात जळणाऱ्या इंधनातील ऊर्जेचा साधारण एक तृतीयांश भाग तप्त वायूंबरोबर सायलेन्सरवाटे निघून जातो. हा वाया जाणारा भाग कामाला लावण्याची कल्पना आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने मांडली आणि १९०५ साली तिचे पेटंट घेतले. एका दांड्याच्या एका टोकाला टर्बाइनचे, म्हणजे वायूच्या झोताने फिरणारे, चाक बसवावे, ते इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूंनी फिरवावे आणि दांड्याच्या दुसऱ्या टोकावरील कॉम्प्रेसरच्या चाकाने बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये भरावी, अशी ती रचना होती. सिलिंडरमध्ये जास्त हवा गेली की जास्त इंधन जाळता येते आणि त्याच आकाराचे इंजिन जास्त शक्ती देते. ब्यूखी यांची ही रचना १९२०च्या दशकात ‘प्रॉयसेन’ आणि ‘हान्झेश्टाट डान्झिग’ या जर्मन प्रवासी जहाजांच्या डिझेल इंजिनांना जोडली गेली, तेव्हा त्या इंजिनांची क्षमता १,७५० अश्वशक्तीवरून २,५०० अश्वशक्तीवर गेली.

जहाजांकडून हे तंत्र विमानांकडे, मालमोटारींकडे आणि १९६२ साली अमेरिकेत विक्रीस आलेल्या दोन मोटारींच्या रूपाने घरगुती वाहनांकडे आले. भारतात ते सामान्य ग्राहकापर्यंत पोहोचले ते प्रामुख्याने डिझेल गाड्यांमधून: १९९८ची टाटा सफारी, नाशिकच्या कारखान्यातून २००२ साली बाहेर पडलेली महिंद्र स्कॉर्पिओ आणि २००७ पासून मिळू लागलेली डिझेल स्विफ्ट ही त्यांतली ठळक नावे होत. पुढे पेट्रोल इंजिनांनाही टर्बो लागले. चाकणला तयार झालेली फोक्सवॅगन पोलो जीटी आणि पुण्याजवळच्या रांजणगावला तयार होणारी टाटा नेक्सॉन यांसारख्या गाड्यांनी लहान टर्बो पेट्रोल इंजिन मराठी मध्यमवर्गाच्या दारात आणून उभे केले. त्यामुळे जो प्रश्न एके काळी ट्रकचालकांपुरता होता, तो आता घरोघरी पोहोचला आहे.

केसाएवढ्या फटीतले तेल

मोटारीच्या टर्बोचार्जरमधला दांडा बोटापेक्षाही बारीक असतो आणि पूर्ण भारावर तो मिनिटाला दोन लाख फेऱ्यांपर्यंत, म्हणजे सेकंदाला तीन हजारांहून अधिक वेळा, फिरू शकतो. मोटारीचे इंजिन स्वतः मात्र अगदी जोरात असतानाही सेकंदाला सुमारे शंभरच फेऱ्या घेते. एवढ्या गतीला धातूवर धातू घासला, तर काही क्षणांत दोन्ही खराब होतील. म्हणून बहुतेक टर्बोंमध्ये हा दांडा पितळेसारख्या मिश्रधातूच्या बेअरिंगच्या आत तेलाच्या थरावर अक्षरशः तरंगत असतो आणि त्याभोवतीची फट मिलिमीटरच्या काही शतांश भागांइतकीच असते. इंजिनाचा तेलपंप या फटीत दाबाने तेल सोडत राहतो, ते तेल दांड्याला आधार देते, शिवाय तिथली उष्णता शोषून घेऊन खाली इंजिनाच्या तेलकुंडात, म्हणजे ज्याला गॅरेजमध्ये चेंबर म्हणतात त्यात, परत जाते.

उष्णता वाहून नेण्याचे हे काम मोलाचे आहे, कारण दांड्याच्या एका टोकाला आगीचा शेजार असतो. पूर्ण भारावर डिझेल इंजिनातून बाहेर पडणारे वायू ८०० अंश सेल्सिअसच्या आसपास आणि पेट्रोल इंजिनातले ९५० अंशांहूनही अधिक तापलेले असू शकतात. म्हणूनच टर्बाइनचे चाक निकेलप्रधान मिश्रधातूचे करतात आणि त्याचे बाहेरचे आवरण जाड ओतीव लोखंडाचे किंवा पोलादाचे असते, तर थंड बाजूचे कॉम्प्रेसरचे चाक ॲल्युमिनियमचे चालते. काही सेंटिमीटरच्या अंतरात एवढा तापमानभेद सांभाळण्याचा मोठा भार वाहत्या तेलावर असतो.

बंद केल्यानंतर वाढणारी उष्णता

इंजिन बंद होताच तेलपंप थांबतो आणि फटीत उरलेले तेल जागच्या जागी अडकते. टर्बाइनच्या आवरणात साठलेली उष्णता मात्र नाहीशी झालेली नसते. गॅस बंद केल्यावरही लोखंडी तवा बराच वेळ भाकरी भाजू शकतो, तसे ते जाड आवरण तापलेलेच राहते आणि आपली उष्णता दांड्यावाटे व मधल्या भागावाटे बेअरिंगकडे पाठवू लागते. त्यामुळे इंजिन थांबल्यानंतर बेअरिंगचे तापमान कमी होण्याऐवजी काही मिनिटे वाढत जाते. चालत्या इंजिनात जो भाग तेलाने सुरक्षित ठेवला होता, तोच भाग इंजिन थांबल्यावर सर्वाधिक तापतो, हा या साऱ्या विषयाचा गाभा आहे.

अडीचशे-तीनशे अंशांच्या पुढे खनिज तेल फार काळ तग धरत नाही. त्यातले हलके घटक उडून जातात, उरलेले घट्ट होत जातात आणि शेवटी कठीण काळा कार्बन तयार होतो. याला तेलाचे कोकिंग म्हणतात. स्वयंपाकघरातल्या जुन्या कढईच्या बाहेरच्या अंगाला, ओघळलेले तेल पुनःपुन्हा तापून जो काळा, घासूनही न निघणारा थर बसतो, तो याच प्रक्रियेचा नातेवाईक आहे. कढईचे त्याने काही बिघडत नाही. परंतु टर्बोत हाच थर तेलाच्या बारीक वाटा अरुंद करतो, दांड्यावरच्या कड्या चिकटवतो आणि त्याचे सुटे झालेले कण बेअरिंग खरवडतात. हे एका दिवसात होत नाही, प्रत्येक वेळी कागदाच्या जाडीपेक्षाही पातळ थर चढत जातो. मग एके दिवशी इंजिनाच्या आवाजात बारीक शिट्टी मिसळते, सायलेन्सरमधून निळसर धूर दिसतो आणि तेलाची पातळी विनाकारण उतरू लागते. मिस्त्री हवेचा पाइप काढतो, कॉम्प्रेसरच्या चाकाचा मधला नट दोन बोटांत धरून हलवून पाहतो आणि दांडा नेहमीपेक्षा जास्त हलला, तर ‘प्ले आलाय, टर्बो गेला’ असे सांगतो.

येथे दुसरी एक जुनी सवय सांगणे आवश्यक आहे. गाडी बंद करण्याआधी ॲक्सिलरेटर दाबून एक शेवटची रेस देण्याची पद्धत अनेक चालकांत होती व अजूनही आहे. टर्बो असलेल्या इंजिनात तिच्याइतकी वाईट सवय दुसरी नाही, कारण त्या रेसने दांड्याला गती मिळते आणि त्याच क्षणी इंजिन थांबल्यामुळे, तो स्वतःच्या वेगाने फिरत असतानाच त्याच्याखालचा तेलाचा दाब निघून जातो.

चालकाकडून यंत्राकडे

या यंत्राच्या इतिहासात चालकाच्या सवयीवर विसंबलेली योजना आधीही एकदा फसली आहे. १९६२च्या ओल्डस्मोबिल जेटफायर या मोटारीत दाबलेल्या हवेमुळे इंधन अवेळी पेटू नये म्हणून शुद्ध पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण इंजिनात सोडले जाई आणि त्याची टाकी मालकाने भरत राहावी अशी अपेक्षा होती. अनेक मालकांनी ती भरलीच नाही, आणि १९६३ नंतर ती गाडी बंद झाली. जे काम विसरले जाणार हे ठरलेलेच आहे, ते शक्य तितके यंत्रानेच करावे, ही दिशा पुढच्या अभियंत्यांनी धरली.

१९८०च्या दशकात टर्बोच्या मधल्या भागाभोवती इंजिनाचे थंड करणारे पाणी खेळवण्याची पद्धत रुळत गेली. इंजिन थांबल्यावरही तापलेले पाणी हलके होऊन वर जाते आणि त्याच्या जागी थंड पाणी येते, त्यामुळे पंपाशिवाय काही काळ प्रवाह चालू राहतो. काही आधुनिक गाड्यांत याच कामासाठी विजेवर चालणारा वेगळा पंप असतो, आणि गाडी बंद करून दार लावल्यावर बॉनेटखालून येणारी मंद गुणगुण पुष्कळदा त्या पंपाची किंवा पंख्याची असते. जपानमध्ये याच काळात किल्ली काढल्यानंतरही इंजिन ठरावीक वेळ चालू ठेवणारे ‘टर्बो टायमर’ नावाचे उपकरण हौशी चालकांमध्ये लोकप्रिय झाले.

तेलही बदलले. कृत्रिम, म्हणजे सिंथेटिक, तेल खनिज तेलापेक्षा जास्त तापमान सोसते. टर्बोतल्या थराचा अंदाज घेण्यासाठी तेलांची एक प्रमाणित प्रयोगशाळा चाचणीही तयार झाली असून तिच्यात तेल एका धातूच्या कांडीवरून वाहू देत ती कांडी २०० ते ४८० अंशांच्या दरम्यान १२ वेळा तापवतात व निववतात आणि शेवटी तिच्यावर साठलेला थर मिलिग्रॅममध्ये मोजतात. गाडीच्या पुस्तिकेत तेलाचा जो दर्जा छापलेला असतो, त्यामागे अशा चाचण्यांचे गणित असते. म्हणून स्वस्त मिळाले म्हणून दुसऱ्याच दर्जाचे तेल भरणे किंवा तेलबदल लांबवणे हे गाडी गरम असताना बंद करण्याइतकेच टर्बोच्या मुळावर येते.

घाटमाथा आणि घरची गल्ली

आता प्रश्न उरतो तो केव्हा थांबायचे आणि किती, हा. मुंबईहून पुण्याकडे निघालेली, पाच माणसे आणि सामान घेतलेली, एसी चालू असलेली गाडी खोपोली सोडून बोरघाट चढू लागते आणि सुमारे ६२० मीटर उंचीवरच्या लोणावळ्यापर्यंत तिचा टर्बो सतत भाराखाली राहतो. घाट चढून लगेच चिक्कीच्या दुकानासमोर गाडी लावून ती बंद करणे, हा नेमका तो प्रसंग आहे ज्यासाठी हा सल्ला जन्माला आला. तेथे एक-दोन मिनिटे आयडलिंग, म्हणजे गाडी उभी ठेवून इंजिन संथ गतीने चालू ठेवणे, पूर्णपणे योग्य आहे. मोठ्या डिझेल इंजिनांसाठी, उदाहरणार्थ कमिन्सच्या पुस्तिकांमध्ये, पूर्ण भारानंतर तीन ते पाच मिनिटे आयडलिंगची सूचना असते आणि भरलेला ट्रक चालवणाऱ्याने ती पाळलीच पाहिजे.

याउलट तोच घाट पुण्याकडून मुंबईकडे उतरताना इंजिनावर भार जवळजवळ नसतो आणि उताराच्या पायथ्याशी पोहोचेपर्यंत टर्बो बराच निवलेला असतो. महामार्ग सोडून शहरातल्या सिग्नलांतून आणि सोसायटीच्या गतिरोधकांवरून घरी आलेल्या गाडीचे थंड होणेही वाटेतच झालेले असते. आज अनेक टर्बो गाड्यांत सिग्नलला इंजिन आपोआप बंद होण्याची सोय असते, यावरूनही शहरी वापरात प्रत्येक थांब्याला वाट पाहण्याची गरज नाही हे स्पष्ट व्हावे. उगाच मिनिटेच्या मिनिटे इंजिन चालू ठेवण्याने इंधन जाते, शेजाऱ्यांच्या खिडकीत धूर जातो आणि डिझेल इंजिन तर अशा संथ चालीत काजळीच धरते.

म्हणून या सल्ल्याचा खरा अर्थ घड्याळात पाहून इंजिन चालू ठेवणे असा नसून, मुक्कामाआधीचा शेवटचा किलोमीटर-दोन किलोमीटर हलक्या पायाने गाडी चालवणे असा आहे. तसे शक्य झाले नाही आणि भाराखालून थेट थांबावे लागले, तरच उभ्या गाडीत एक-दोन मिनिटे द्यावीत, गाडीच्या पुस्तिकेत याहून वेगळे लिहिले असेल तर ते प्रमाण मानावे, शेवटची रेस कधीही देऊ नये आणि तेल ठरलेल्या दर्जाचे व ठरलेल्या वेळीच बदलावे. एवढे केले, तर टर्बो इंजिनाच्या आयुष्याइतकाच टिकावा अशीच त्याची घडण आहे.