वीट, पट्टा आणि चादरीची घडी

१९३७ साली म्हैसूरहून एक अठरा वर्षांचा मुलगा पुण्याला आला. डेक्कन जिमखान्यावर सहा महिने योगासनं शिकवायची, एवढंच ठरलं होतं. त्याला मराठी येत नव्हतं, इंग्रजी तोडकंमोडकं होतं आणि समोरचे विद्यार्थी त्याच्यापेक्षा धडधाकट. त्याची स्वतःची प्रकृती लहानपणापासून तोळामासा. १९१८च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत कर्नाटकातल्या बेल्लूरला जन्म झाला, मग मलेरिया, विषमज्वर आणि क्षय. मेहुणे टी. कृष्णमाचार्य यांच्याकडे योग शिकायला सुरुवात केली तेव्हा वाकल्यावर त्याचे हात कसेबसे गुडघ्यांपर्यंत पोहोचत. सहा महिन्यांसाठी आलेला तो मुलगा पुण्याचाच झाला. बी. के. एस. अय्यंगार हे नाव पुढे जगभर गेलं.

‘आमचं अंग वळत नाही, योग आपल्यासाठी नाही,’ असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला ही हकिकत सांगायला हवी. अंग वळत नाही म्हणून तर सुरुवात करायची.

योग म्हणजे हिमालयातल्या साधूंचं काम, ही समजूत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पक्की होती. ती मोडायचं मोठं काम आपल्याकडे झालं. १९१८ साली श्री योगेंद्र यांनी मुंबईत वर्सोव्याला द योगा इन्स्टिट्यूट सुरू केली ती संसारी माणसांसाठी. १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यात कैवल्यधाम उभारलं आणि आसनं, प्राणायाम नि शुद्धिक्रियांचा शरीरावर होणारा परिणाम क्ष-किरण यंत्राच्या आणि प्रयोगशाळेतल्या उपकरणांच्या मदतीनं तपासायला घेतला. दोघांचे गुरू एकच, परमहंस माधवदासजी.

अय्यंगारांचं योगदान वेगळ्या जातीचं आहे. वीट, पट्टा, दोर, खुर्ची, लोड अशा साध्यासुध्या वस्तू त्यांनी आसनांच्या मदतीला आणल्या. त्रिकोणासनाचं उदाहरण घ्या. हात जमिनीला टेकवायच्या हट्टात नवशिक्याची छाती खाली वळते, कंबर मुरगळते, गुडघा वाकतो. तोच हात पावलाशेजारच्या लाकडी विटेवर टेकला की छाती उघडते आणि श्वास मोकळा होतो. पाय पसरून पुढे वाकण्याचंही तसंच. मांडीमागचे स्नायू आखडलेले असले की ते कटीला मागे ओढतात आणि पाठीला पोक येतो. मग सगळा ताण कमरेच्या मणक्यांवर. चादरीची घडी घालून तिच्या कडेवर बसलं की कटी पुढे कलते, पाठ सरळ राहते. तळव्यांमागून पट्टा घालून धरला की हात पुरत नाहीत ही अडचणही मिटते. आसन माणसाच्या मापाचं करून घ्यायचं, हा यातला खरा विचार. त्यामुळेच सत्तरीतली आजी आणि दिवसभर खुर्चीवर बसणारा कारकून एकाच वर्गात शिकू शकतात. १९६६ साली आलेल्या त्यांच्या ‘लाइट ऑन योगा’मध्ये दोनशे आसनं आहेत. रोजच्या जगण्याला त्यातली आठ-दहा पुरतात.

त्यांची कन्या गीता अय्यंगार यांनाही आजारानंच या वाटेवर आणलं. लहानपणी त्यांना मूत्रपिंडाचा गंभीर विकार होता. पुढे त्यांनी बायकांच्या शरीराचा बारकाईनं विचार करून पाळी, गरोदरपण आणि पाळी जाण्याचा काळ यांत काय करावं, काय टाळावं हे स्वतंत्र पुस्तकात मांडलं. घरातल्या प्रत्येकाच्या पथ्यपाण्याचं वेळापत्रक सांभाळताना स्वतःची वेळ कायम पुढे ढकलणाऱ्या बाईसाठी हे फार मोलाचं काम आहे.

योग रोजचा व्हायचा तर वेळ आणि जागा आधी ठरवावी लागते. सकाळी पोट रिकामं असतं, म्हणून ती वेळ सोयीची. संध्याकाळी करायचं असेल तर जेवणानंतर तीन-चार तास जाऊ द्यावेत. रविवारी दीड तास घाम गाळून सहा दिवस सुट्टी घेण्यापेक्षा रोजची वीस मिनिटं कितीतरी बरी. पतंजलींनीही अभ्यास दीर्घकाळ, खंड न पाडता आणि आदरानं करायला सांगितलंय. आसनांवर मात्र त्यांची सूत्रं जेमतेम तीन. बाकी दिवसातही जागा सापडते. लोकलची वाट बघताना दोन्ही पायांवर सारखा भार देऊन ताडासनासारखं उभं राहता येतं. टीव्ही बघताना सोफ्याऐवजी खाली सुखासनात बसता येतं. रात्री पाय भिंतीला उभे लावून पाच मिनिटं पडलं की दिवसभर उभं राहून आलेला जडपणा उतरतो.

उच्च रक्तदाब, काचबिंदू किंवा मानेचं दुखणं असणाऱ्यांनी शीर्षासनाच्या वाटेला जाऊ नये. मणक्याची चकती सरकलेली असेल तर पुढे वाकण्याआधी डॉक्टरांना आणि जाणत्या शिक्षकाला विचारावं. ताण जाणवणं ठीक. सांध्यात कळ आली की लगेच थांबायचं. श्वास अडकला तर आसन जरा सैल करायचं. मोबाइलवर बघून सुरुवात झाली तरी पहिले काही महिने समोर शिक्षक हवाच. पोक आलेला आपल्याला दिसत नाही, त्याला दिसतो.

पहिल्या आठवड्यात ताडासन, भिंतीला पाठ लावून त्रिकोणासन, चादरीच्या घडीवर बसून दंडासन आणि शेवटी पाच मिनिटं शवासन एवढं पुरे. शवासन घाईत गाळू नये. थंडीत अंगावर पांघरूण घ्यावं, डोळ्यांवर सुती रुमाल ठेवावा आणि उठताना आधी उजव्या कुशीवर वळून मगच बसावं.