कार्तिक-मार्गशीर्षांतील हवामान : घाटमाथा व देश

चित्रा नक्षत्र सरून स्वाती लागली म्हणजे आपल्याकडील शेतकरी पावसाळ्याचा हिशेब मिटवून रब्बीच्या उद्योगास लागतो. हवामान खात्यानें सन २०२० मध्यें सुधारलेल्या कोष्टकाप्रमाणें मोसमी वारे सरासरीनें ८ ऑक्टोबरच्या सुमारास मुंबईहून मागें फिरतात व त्यानंतर थोड्याच दिवसांत सर्व महाराष्ट्र सोडतात. तेथून मार्गशीर्ष संपेपर्यंतचा काळ कोरड्या हवेचा, निरभ्र आकाशाचा व वाढत्या थंडीचा समजला जातो. सरासरीचा विचार केल्यास हें खरेंही आहे. परंतु पीक कांहीं सरासरीवर येत नाहीं. चारदोन कडक थंडीच्या रात्री आणि एखादा दोन दिवसांचा पाऊस यांवर द्राक्षबागेचें व भाताच्या खळ्याचें सारें वर्ष अवलंबून राहतें. म्हणून हीं दोन संकटें येतात कशीं, हें समजून घेणें अगत्याचें आहे.

प्रथम थंडी. भूमध्य समुद्राकडून निघून इराण-अफगाणिस्तानावरून येणारे पश्चिमी विक्षोभ हिमालयांत बर्फ पाडून पूर्वेकडे सरकले, कीं त्यांच्या मागोमाग उत्तरेचा कोरडा वारा सुटतो. तो आधीं खानदेशांत, मग नाशिक, नगर व पुणें या भागांत जाणवूं लागतो. मात्र वारा आणतो ती निम्मी थंडी. उरलेली आपल्याच शेतांत तयार होते. आकाश निरभ्र व हवा निश्चल असली, म्हणजे जमीन दिवसां सांठविलेली उष्णता रात्रभर आकाशाकडे टाकीत राहते. तिच्या लगतची हवा गार झाली कीं जड होते आणि पाण्याप्रमाणें उतारावरून वाहत जाऊन सखल जागीं सांचते.

उंच जागा नेहमींच अधिक थंड, ही आपली समजूत येथें फसते. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारें साडेचार हजार फूट उंच, तर निफाड दोन हजार फुटांच्याही खालीं. तरी हिवाळ्यांतील किमान तपमान पुष्कळदां निफाडचेंच कमी भरतें, कारण गोदावरी-कादवेच्या सखल खोऱ्यांत गार हवा कोंडून राहते. खुद्द महाबळेश्वरींही दंव गोठतें तें वेण्णा तलावाच्या खोलगट परिसरांत. वरच्या बाजारपेठेंत त्या रात्रीं हवा त्या मानानें ऊबदार असते. आपल्या गांवींही ओढ्याकांठच्या मळ्यांत आणि माळावरच्या शेतांत असाच फरक पडतो. द्राक्षासारखें नाजूक पीक लावण्यापूर्वी मातीची परीक्षा सर्वजण करतात. रात्रीं गारवा कोठें सांचतो, हें पाहणारे थोडे.

दुसरी गोष्ट वर्तमानपत्रांतील आंकड्याची. तो आंकडा जमिनीपासून सुमारें चार फुटांवर, लांकडी पेटींत ठेवलेल्या उष्णतामापकाचा असतो. पुण्यास सन १९३२ मध्यें सुरू झालेल्या कृषिहवामान विभागाचे प्रमुख डॉ. एल. ए. रामदास यांनीं त्याच वर्षीं सहकाऱ्यासह दाखवून दिलें, कीं शांत व निरभ्र रात्रीं उघड्या जमिनीवरील सर्वांत गार थर भुईला चिकटून नसतो, तर भुईच्या किंचित् वर, वीतभर ते हातभर उंचीच्या आसपास असतो. रोपांचे शेंडे नेमके तेथेंच असतात! म्हणून ‘सहा अंश’ असें वाचलें, तरी पिकाच्या अंगाशीं त्याहून कमीच असावें असें धरून चालावें. रोपांच्या उंचीवर आपला स्वतःचा एक उष्णतामापक टांगणें हा खर्च मुळींच वायफळ नव्हे.

थंडी ही सर्व पिकांची वैरी नाहीं. गव्हास फुटवे येण्यास व हरभऱ्यास ती हवीच असते. कोंकणांतील आंब्याचा मोहोर तिच्यावरच अवलंबून आहे. जपावें लागतें तें द्राक्ष, केळी व भाजीपाला यांस. त्यांस संध्याकाळीं हलकें पाणी द्यावें; ओली जमीन दिवसाची ऊब अधिक सांठविते व ती रात्रीं सावकाश सोडते. पहांटे धूर करण्याची चाल आहे, परंतु नुसत्या धुराचा उपयोग आमच्या मतें फारसा नाहीं. उपयोग होतो तो आंचेचा व तिनें हवा ढवळली जाण्याचा. म्हणून एक मोठा जाळ करण्यापेक्षां बागेंत जागोजागीं लहान शेकोट्या बऱ्या.

आतां पाऊस. या दिवसांत दोन्ही समुद्रांत वादळें होतात. ऑक्टोबर २०२० मध्यें बंगालच्या उपसागरांतील कमी दाबाचें क्षेत्र काकिनाड्याजवळ किनारा ओलांडून थेट सोलापूर-पंढरपुरापर्यंत आलें. अरबी समुद्रांतील बरींचशीं वादळें पश्चिमेस निघून जातात, पण एखादें वळून आपल्याकडे येतें. ११ नोव्हेंबर २००९ रोजीं ‘फयान’ अलिबाग-मुंबईच्या दरम्यान किनाऱ्यास लागलें. डिसेंबर २०१७ च्या आरंभीं ‘ओखी’ सुरतेकडे जातां जातां मुंबईस भिजवून गेलें. वादळाशिवायही, पूर्वेकडील दमट वारा व पश्चिमी विक्षोभ यांची गांठ पडली कीं पाऊस होतो. १ व २ डिसेंबर २०२१ रोजीं अशाच पावसांत पुणें जिल्ह्याच्या उत्तर भागांत उघड्यावर बसविलेल्या शेंकडों मेंढ्या गारठून मेल्या. २६ नोव्हेंबर २०२३ रोजीं निफाडकडील द्राक्षबागांवर गारा पडल्या. मेंढपाळांस अशा दिवसांत कोणाचा तरी गोठा किंवा पडवी उघडून देणें, हें बागाइतदारांस सहज करतां येण्याजोगें आहे.

रात्रीची थंडी अकस्मात् मोडली, वारा पूर्वेस किंवा आग्नेयेस फिरला आणि आकाश झांकळूं लागलें, तर कापणी हातीं घेण्यापूर्वी हवामान खात्याची पत्रिका अवश्य पाहावी. घाटमाथ्यावर व मावळांत कापलेलें भात खाचरांतच वाळत टाकतात. तें भिजून दोन दिवस पडलें तर लोंबीवरच मोड येतात. तेव्हां ढग दिसतांच नवी कापणी थांबवावी आणि कापलेलें भात बांधून उंच जागीं उडवी रचावी. देशावर द्राक्षाचें पान रात्रभर ओलें राहिलें कीं केवडा पसरतो. यासाठीं वेलींची विरळणी वेळेवर करावी, आणि मोठ्या बागाइतदारांनीं सर्व बाग एकाच आठवड्यांत छाटूं नये, म्हणजे फुलोऱ्याच्या नाजूक वेळीं सबंध बाग पावसांत सांपडणार नाहीं. तुरीवर व हरभऱ्यावर ढगाळ हवेंत घाटे अळी वाढते. आभाळ निवळल्यावर पीक हिंडून पाहावें. आणि पुन्हां उत्तरेचा वारा सुटला, तर पावसानंतरच्या पहिल्या दोन-तीन निरभ्र रात्रीं शेकोट्यांचें सरपण बागेंत कोरडें ठेवलेलें असावें.