हॉट डॉग, एअर फ्रायर आणि घरचा गोड सॉस

रविवारच्या संध्याकाळी नातवंडांनी हॉट डॉगचा बेत आखला की घरातील ज्येष्ठांच्या वाट्याला बहुधा दोनपैकी एक गोष्ट येते. एक तर "तुम्हांला हे सोसायचे नाही" असे म्हणून त्यांच्यासमोर मऊ भाताची वाटी ठेवली जाते. नाही तर "आता एअर फ्रायरमध्ये केले आहे, तेल नाहीच, खुशाल खा" असा आग्रह होतो. आमची मुले परदेशी असल्यास तिथल्या सहा महिन्यांच्या मुक्कामात हा प्रसंग अधिकच वारंवार येतो. वैद्यकीय दृष्टीने पाहता या दोन्ही टोकांत थोडी थोडी चूक आहे. वाचकहो, हॉट डॉग हे काही औषध नव्हे आणि विषही नव्हे. मात्र उतारवयात तो खायचा असेल तर कोठे सावध राहावे आणि कोठे निश्चिंत असावे, हे ठाऊक असणे अगत्याचे आहे.

या पदार्थाचे मूळ जर्मनीतील फ्रँकफर्टच्या सॉसेजमध्ये आहे. जर्मन स्थलांतरितांबरोबर तो एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत गेला. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंड या समुद्रकिनाऱ्यावर चार्ल्स फेल्टमन यांनी तो पावात घालून विकला आणि १९१६ साली नेथन हँडवर्कर यांनी तेथेच स्वस्त हॉट डॉगचे दुकान थाटले. समुद्रावर फिरताना हातात धरून चटकन खाण्याचा हा पदार्थ. आपल्याकडे चौपाटीवर भेळ, तशी त्यांची ही सोय. चालता-बोलता, घाईने खाण्यासाठी तो जन्मला, ही बाब ध्यानात ठेवावी. कारण ज्येष्ठांच्या बाबतीत पहिला धोका नेमका तेथेच आहे.

घशात अडकण्याचा धोका

सॉसेजचा आकार गोल, पृष्ठभाग गुळगुळीत आणि पोत लवचिक असतो. त्याचा आडवा कापलेला तुकडा श्वासनलिकेच्या तोंडाशी बुचासारखा बसू शकतो. लहान मुलांच्या संदर्भात अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१० साली याविषयी स्पष्ट इशारा दिला होता. ज्येष्ठांनाही तोच नियम लागू पडतो. कवळी बसविलेली असली की टाळूला घासाचा अंदाज नीट येत नाही. लाळ कमी सुटते. पक्षाघात किंवा पार्किन्सनचा आजार असल्यास गिळण्याची क्रियाच मंदावते. त्यात पाव कोरडा असला तर तो लाळ शोषून घशात गोळा होतो.

म्हणून पुढील पथ्ये पाळावीत. सॉसेज शिजविण्यापूर्वी उभे चिरून त्याचे चार लांबट भाग करावेत, मग त्यांचे बारीक तुकडे करावेत. गोल चकत्या कदापि करू नयेत. पाव सॉसने ओलसर करावा. पाठ ताठ ठेवून खुर्चीत बसावे, दूरदर्शन बंद असावा, तोंडात घास असताना बोलू नये आणि जेवणानंतर अर्धा तास आडवे होऊ नये.

जेवताना वारंवार ठसका लागणे, खाल्ल्यावर आवाज घोगरा किंवा ओलसर येणे, गालात घास साचून राहणे, विनाकारण वजन घटणे किंवा छातीत वरचेवर जंतुसंसर्ग होणे, ही गिळण्याच्या दोषाची लक्षणे आहेत. यांपैकी काही दिसत असेल तर हॉट डॉगचा विषय बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी.

शुश्रूषा करणाऱ्या प्रत्येकाला प्रथमोपचार यायला हवेत. माणूस जोराने खोकत असेल तर त्याला खोकू द्यावे. पाणी पाजू नये, तोंडात बोटे घालून चाचपडू नये. बोलता किंवा खोकता येत नसेल तर त्याला पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या पात्यांमध्ये तळहाताच्या टाचेने ५ जोरदार थापा माराव्यात. घास निघाला नाही तर मागे उभे राहून, बेंबीच्या वर व छातीच्या हाडाच्या खाली मूठ ठेवून आत आणि वरच्या दिशेने ५ झटके द्यावेत. हे दोन्ही आलटून पालटून करीत राहावे आणि दुसऱ्याला तत्काळ १०८ किंवा ११२ वर फोन करण्यास सांगावे. शुद्ध हरपल्यास जमिनीवर आडवे निजवून छातीवर दाब देण्यास प्रारंभ करावा. पोटावर झटके दिले असतील तर घास निघाल्यावरही रुग्णाला डॉक्टरांना दाखवावे.

एअर फ्रायर नेमके काय करतो?

२०१० साली एअर फ्रायर हे नाव प्रथम बाजारात रूढ झाले. यंत्र म्हणजे वस्तुतः लहानशी भट्टी. वरच्या तारेची उष्णता पंख्याने वेगाने फिरविली जाते आणि पदार्थ सर्व बाजूंनी कोरडा होऊन खरपूस होतो. त्यामुळे तळणीचे तेल वाचते, हे खरेच. परंतु सॉसेजमध्ये आधीच असलेले मीठ आणि नायट्राइट हे यंत्र काढून टाकीत नाही. चरबी थोडी गळते, इतकेच. "तेल नाही" या शब्दांनी जी निश्चिंती येते, ती तेवढ्यापुरतीच असावी.

आणखी एक अडचण आहे. कोरड्या उष्णतेने सॉसेजचे आवरण चिवट होते. म्हणून ज्येष्ठांसाठी सॉसेज प्रथम उकळत्या पाण्यात ५ मिनिटे ठेवावे. ते मऊ होते, आवरण सोलता येते आणि थोडे मीठही पाण्यात उतरते. ते पाणी टाकून द्यावे.

कृती अशी: गोठविलेले सॉसेज आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवून वितळू द्यावे, ओट्यावर तासन् तास ठेवू नये. पाकिटावर "शिजविलेले" की "कच्चे" हे वाचावे. शिजविलेले असेल तर उकळून, उभे चिरून, १८० अंश सेल्सिअसवर ५ ते ६ मिनिटे ठेवावे आणि मध्ये एकदा परतावे. कच्च्या सॉसेजला अधिक वेळ लागतो. आत गुलाबीपणा उरता कामा नये. पाव १६० अंशांवर केवळ १ मिनिट गरम करावा, नाहीतर तो खडखडीत होतो.

शिजविलेले सॉसेज पाकिटातून काढून तसेच खाण्याची सवय काहींना असते. पासष्टीनंतर ती सोडावी. लिस्टेरिया नावाचा जंतू थंडीतही वाढतो आणि वयोवृद्धांना त्याचा गंभीर संसर्ग होऊ शकतो. सॉसेज आतून ७४ अंशांपर्यंत, म्हणजे वाफा निघेपर्यंत तापले पाहिजे. याउलट ते काळे पडू देऊ नये. मांस करपले की अपायकारक संयुगे तयार होतात. सोनेरी तांबूस रंग आला की थांबावे.

यंत्राविषयीही दोन शब्द. बहुतेक एअर फ्रायर सुमारे १५०० वॅटचे असतात. त्यांना १६ अँपिअरचा मोठा प्लग हवा. जुन्या घरातील लहान प्लगवर किंवा एक्स्टेन्शन बोर्डावर ते लावू नयेत. मागून गरम हवा निघते, म्हणून यंत्र भिंतीपासून वीतभर दूर असावे. हात थरथरत असल्यास तापलेला खण ओढण्याचे काम दुसऱ्याने करावे.

मिठाचा हिशेब

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ घ्यावे, म्हणजे २००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम. आता एका हॉट डॉगचा हिशेब करू. सॉसेजमध्ये साधारण ४५० ते ५०० मिलिग्रॅम सोडियम, पावात सुमारे २००, दोन मोठे चमचे बाजारच्या केचपमध्ये सुमारे ३००. बेरीज हजाराच्या आसपास जाते; दिवसाचा निम्मा वाटा एका हॉट डॉगमध्ये संपला! वर वेफर्स आणि लोणचे आले की उरलेला वाटाही गेला.

निरोगी माणसाला हे एखाद्या दिवशी सोसते. परंतु हृदयाची कार्यक्षमता कमी झालेल्या रुग्णांची गोष्ट वेगळी. रविवारच्या मेजवानीनंतर मंगळवारी पायांवर सूज आणि जिना चढताना धाप घेऊन आलेले ज्येष्ठ माझ्या दवाखान्यात अधूनमधून असतातच. औषधे बदललेली नसतात. बदललेले असते ते ताट. अशा रुग्णांनी रोज सकाळी वजन करावे. तीन दिवसांत २ किलोहून अधिक वाढले तर डॉक्टरांना कळवावे.

मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी पाकीट अधिक बारकाईने वाचावे. प्रक्रिया केलेल्या मांसात बहुधा फॉस्फेट घातलेले असते. "कमी सोडियम" असे लिहिलेल्या पदार्थांत मिठाऐवजी पोटॅशियमचे क्षार असू शकतात आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांबरोबर रक्तातील पोटॅशियम धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते. त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याविना हा पर्याय निवडू नये.

कर्करोगाविषयीची भीतीही नीट समजून घ्यावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली प्रक्रिया केलेल्या मांसाचा समावेश मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात केला. रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असा तो निष्कर्ष होता. तंबाखूही याच गटात आहे. पण गट पुराव्याची खात्री सांगतो, धोक्याचे प्रमाण नव्हे. महिन्यातून एकदा खाल्लेला हॉट डॉग आणि रोज न्याहारीला खाल्लेले सॉसेज यांत महदंतर आहे. चिकनचे सॉसेज हेही प्रक्रिया केलेलेच मांस, हे मात्र विसरू नये.

घरचा गोड सॉस

वयपरत्वे जिभेची चव मंदावते, अन्न बेचव वाटते आणि भूक रोडावते. अशा वेळी आंबटगोड सॉस उपयोगी पडतो. घासाला चव येते आणि ओलावाही मिळतो.

अर्धा किलो पिकलेले लाल टोमॅटो उकळत्या पाण्यात टाकून सोलावेत. स्टीलच्या जाड बुडाच्या पातेल्यात (पितळेच्या नव्हे, कारण आंबट पदार्थ कळकतो) ते बिया काढलेल्या ५० ग्रॅम मऊ खजुरांसह, लसणाच्या २ पाकळ्या आणि आल्याचा लहान तुकडा घालून १५ मिनिटे शिजवावेत. निवल्यावर वाटून गाळून घ्यावे. पुन्हा आचेवर ठेवून त्यात चिमूटभर दालचिनी, पाव चहाचा चमचा मोहरीची पूड, रंगापुरती काश्मिरी मिरची आणि पाव चहाचा चमचा मीठ घालावे. दाट झाल्यावर दीड मोठा चमचा व्हिनेगर घालून एक उकळी आणावी. सुमारे १५ ते १६ मोठे चमचे सॉस होतो.

याच्या एका मोठ्या चमच्यात सोडियम सुमारे ४० मिलिग्रॅम असते. बाजारच्या केचपमध्ये सुमारे १५०. हा लाभ मोठा आहे. साखरेचा लाभ मात्र बेताचा: केचपमध्ये चमच्याला सुमारे ४ ग्रॅम, यात सुमारे ३ ग्रॅम. खजुराऐवजी गूळ किंवा मध घातला तरी रक्तातील साखर वाढतेच. मधुमेहींनी "घरचे आहे" म्हणून वाटी पुढे ओढू नये. दोन चमचे पुरेत. पावातील कर्बोदके साधारण एका मध्यम पोळीइतकी असतात. म्हणून त्या जेवणात एक पोळी कमी करावी. छातीत जळजळ होणाऱ्यांनी व्हिनेगर आणि मिरची निम्मी घ्यावी. टिकविण्यासाठी फारसे मीठ-साखर नसल्याने काचेच्या स्वच्छ बरणीत, फ्रिजमध्ये, कोरड्या चमच्याने वापरून ७ दिवसांत सॉस संपवावा.

मांसाविना

शाकाहारी घरांसाठी, आणि हृदय-मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठीही, मीठ आपल्या हाती ठेवणारा पर्याय आहे. एक वाटी मऊ शिजविलेला राजमा व एक उकडलेला बटाटा कुस्करून त्यात ३ मोठे चमचे ओट्सची पूड, आले, जिरे आणि कोथिंबीर घालून मळावे. बोटाएवढ्या वळ्या करून तेलाचा हात लावून १८० अंशांवर १२ ते १४ मिनिटे ठेवाव्यात. वरून खरपूस, आतून मऊ, कवळीलाही सोपे. पोटॅशियमचे पथ्य असणाऱ्यांनी मात्र राजमा, बटाटा, टोमॅटो आणि खजूर यांचे प्रमाण आहारतज्ज्ञांना विचारून ठरवावे.

काळजी घेणाऱ्यांना शेवटी एवढेच सुचवितो. पुढच्या खेपेला बेत ठरेल तेव्हा त्या दिवशीचे लोणचे, पापड आणि फरसाण आधीच बाजूला काढा. आजी-आजोबांना अर्धा हॉट डॉग बारीक तुकडे करून, दोन चमचे सॉसमध्ये भिजवून, काकडी-गाजराच्या किसासह द्या आणि त्यांचे जेवण संपेपर्यंत कोणी तरी शेजारी बसा. नातवंडांच्या वयाचे मूल चार वर्षांहून लहान असेल तर त्याचेही सॉसेज त्याच पद्धतीने उभे चिरा. एकाच ताटातून दोन पिढ्यांची काळजी घेतली जाईल.