मागचा दांडा

टोमॅटोचा एक क्रेट वीस किलोंचा. पिकअपच्या हौद्यात खालचा थर लागला की मागची कमान जराशी बसते, दुसऱ्या थराला आणखी बसते, आणि तोवर काळजीचं कारण नसतं. वरचे थर चढू लागले की मात्र प्रश्न नुसत्या वजनाचा राहत नाही, ते किती उंचावर बसलंय याचा होतो. पारगावच्या शिवारातून नारायणगावच्या टोमॅटो बाजाराकडे निघणाऱ्या गाड्यांबद्दल एक तक्रार हमखास ऐकू येते: वळणावर गाडी मागून झुलते.

हे पारगाव आंबेगाव तालुक्यातलं, घोड नदीकाठचं, भीमाशंकर साखर कारखान्याचं. जुन्नर तालुक्यात आळ्याच्या बाजूला दुसरं पारगाव आहे, म्हणून कारखान्याचं नाव घेतलेलं बरं. गाळप हंगामात इथले रस्ते उसाच्या ट्रॉल्यांचे असतात, एरवी कांदा-टोमॅटोच्या पिकअपचे. त्यामुळे या भागातल्या गॅरेजांना इंजिनाइतकंच खालचं काम असतं: कमानी, बुश, शॉकअप. अशाच एका गॅरेजात एका पिकअपच्या मागच्या अॅक्सलला स्टॅबिलायझर बसवताना मी पाहिला. कंपनीने त्या गाडीला तो पुढे दिला होता, मागे नव्हता. गॅरेजात त्याला सगळे दांडाच म्हणतात.

गाडीमालकाला खरं तर दांडा नको होता. "मिस्त्री, मागं एक पाटा वाढवा, लय झुलती गाडी," असं म्हणत तो आला होता. मिस्त्रींनी हो-नाही काहीच केलं नाही. हौद्याच्या फळीला खांदा लावून त्यांनी गाडी दोन-तीनदा डोलवली आणि कान देऊन ऐकलं. मग चाकाशी बसून शॅकलखाली पहार घातली आणि उचलली. मेन पाट्याच्या डोळ्यातला बुश झिजून लंबगोल झाला होता; पहार हलली तशी पिनही हलली. डावा शॉकअप तेलाने माखलेला. यू-बोल्टच्या नटांना पाना लावला तर तेही फिरले. "पाट्याचं नंतर बोलू. आधी हे सैल झालेलं बघू दे," एवढंच ते म्हणाले.

या कामात मला सगळ्यात मोलाची वाटते ती हीच पायरी. झुलणाऱ्या गाडीला पाटा वाढवून देणं सोपं आहे, पैसेही लगेच मिळतात. पण झिजलेल्या बुशांवर कडक कमान बसवली की खेळ तसाच राहतो आणि धक्के मात्र वाढतात. पाट्याच्या ताठरपणाचा हिशेब जाडीच्या घनाने चालतो: जाडी १० टक्के वाढली तर ताठरपणा ३३ टक्के वाढतो. भरलेल्या गाडीला ते मानवेल, पण बाजारातून रिकामी परतणारी तीच गाडी गतिरोधकावर मागून उडते. नवे बुश आणि दोन्ही बाजूंचे शॉकअप पडल्यावर झुलणं बरंच कमी झालं. जे उरलं त्याच्यासाठी दांडा.

दांडा म्हणजे स्प्रिंगच्या पोलादाची, दोन्ही टोकं काटकोनात वळवलेली जाड सळई. मधला लांब भाग अॅक्सलच्या हाउसिंगला रबरी बुशांत धरायचा आणि टोकं लिंकने चेसिसला जोडायची. दोन्ही चाकं एकदम गतिरोधकावर चढली तर तो बुशांत नुसता फिरतो, कुणाला अडवत नाही. गाडी एका अंगाला कलली, म्हणजे एक चाक चेसिसच्या जवळ आलं आणि दुसरं दूर गेलं, की तो पिळला जातो आणि पीळ सोडवायला जोर लावतो. युक्ती जुनी आहे. कॅनडातल्या स्टीफन कोलमन यांनी १९१९ मध्ये तिचं पेटंट घेतलं.

एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचा दाखला इथे द्यायलाच हवा, कारण तिच्याही मागे या पिकअपसारखीच पाट्यांची कमान आणि सलग अॅक्सल. ही गाडी १९६२ ला आली. १९७४ मध्ये अमेरिकेतल्या नियमांपायी तिला रबरी बंपर लावावे लागले आणि दिव्यांची उंची जुळावी म्हणून सगळी गाडीच इंचभर उचलली. त्यात खर्च वाचवायला १९७५ च्या मॉडेलवरून पुढचा दांडाही काढला. गाडी वळणावर इतकी लोळू लागली की १९७७ च्या मॉडेलला कंपनीने मागेही दांडा दिला. मधल्या काळातल्या गाड्यांना तो मागाहून बसवून घेणारे हौशी लोक आजही आहेत. उंची वाढवली आणि भरपाई दांड्याने केली. इंचभर उंचीनेही फरक पडला. पिकअपवर क्रेटचा एकेक थर चढतो तेव्हा काय होत असेल!

मिस्त्रींनी आणलेला दांडा भंगारातल्या एका मिनीबसचा होता. त्यांनी आधी तो घासून तडे बघितले, मग व्हर्निअर लावला. इथे एकेक मिलिमीटर महाग असतो, कारण हिशेब व्यासाच्या चौथ्या घाताचा: २० ऐवजी २२ मिलिमीटरचा घेतला तर ताठरपणा ४६ टक्क्यांनी वाढतो. लांबीला दांडा थोडा जास्त निघाला. पोऱ्याने गॅसच्या नळीकडे हात नेला तसे मिस्त्री ओरडले, "तापवायचा नाही! पाणी उतरलं की हा आणि साधी सळई सारखीच." म्हणून दांडा होता तसा ठेवला आणि कंस त्याच्या मापाने बनवले.

खालची जागा बघण्यात बराच वेळ गेला. सायलेन्सरचा पाइप, ब्रेकची नळी, खाली टांगलेली स्टेपनी, आणि लोड वाढला की मागच्या ब्रेकचा दाब वाढवणाऱ्या व्हॉल्व्हची बारीक सळई. अॅक्सल पूर्ण वर गेला तरी दांडा यातल्या कशालाही लागता कामा नये. जॅकने एक चाक उचलून, दुसरं लोंबतं ठेवून त्यांनी हे दोन्ही बाजूंनी तपासलं. चेसिसला भोकं पाडली ती उभ्या पट्टीत. खालच्या आडव्या पट्टीला ड्रिल लावलं नाही आणि वेल्डिंग कुठेच केलं नाही, कारण चेसिसची सगळ्यात जास्त ताण घेणारी जागा तीच आणि तिथला छोटा दोषही पुढे चीर होऊन पसरतो. बोल्ट ८.८ ग्रेडचे, नट नायलॉक.

सगळं जागेवर आल्यावर मला वाटलं, आता नट आवळणार. पण ते हाताने लागतील तेवढेच लावून मिस्त्रींनी गाडी जॅकवरून उतरवली, हौद्यात भरलेले क्रेट ठेवायला लावले, आणि मग पाना घेऊन पुन्हा खाली शिरले. गाडी लोंबत असताना रबरी बुश आवळले तर ते त्याच स्थितीत पकडले जातात. चाकांवर वजन आलं की रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. म्हणून शेवटचा आवळ नेहमी चाकांवर उभ्या, वजन घेतलेल्या गाडीला. मालकाला हे कधी दिसणार नाही, बिलातही येणार नाही.

चाचणीला मी शेजारी बसलो होतो. त्याच वळणावर, त्याच वेगाला गाडी पूर्वीपेक्षा बरीच सरळ राहिली. मालकाचा चेहरा खुलला आणि त्याने लगेच विचारलं, "मग अजून एक थर चालंल ना?"

मिस्त्रींनी नाही म्हटलं, आणि हे नाही प्रत्येक गाडीवाल्याने समजून घ्यायला हवं. वळणावर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर किती वजन सरकतं हे ठरतं वेगाने, वळणाच्या त्रिज्येने, वजनाच्या उंचीने आणि दोन चाकांमधल्या अंतराने. दांडा यातलं काहीच बदलत नाही. तो फक्त ठरवतो, सरकलेल्या वजनाचा किती वाटा पुढचा अॅक्सल घेणार आणि किती मागचा. कलणं कमी झाल्याने गाडी आटोक्यात वाटते, पण उलटायची मर्यादा जवळजवळ तिथेच असते. चालकाला धोक्याची सूचना मिळायची ती झुलण्यातूनच, आणि आता तीही उशिरा मिळते. मागचा दांडा फार जाड घेतला तर मागची चाकं आधी पकड सोडतात आणि ओल्या रस्त्यावर गाडी मागून फिरते. स्पोर्ट्स कारवाले हाच गुण मोजूनमापून वापरतात, पण टोमॅटोने भरलेल्या गाडीत तो जिवावर बेतेल.

एक अडचण मात्र आम्हाला कुणालाच आधी सुचली नव्हती. पाऊस झाल्यावर शेताच्या वाटेवर एक चाक चाकोरीत आणि दुसरं बांधाच्या कडेला अशी गाडी अडकली. पूर्वी चाकोरीतलं चाक खाली जाऊन जमीन धरायचं; आता दांड्याने ते वर ओढून धरलं, आणि डिफरन्शियलने सगळा फेर त्या हलक्या चाकालाच दिला. ते जागच्या जागी फिरत राहिलं. नट पुन्हा ओढण्यासाठी गाडी बोलावलीच होती, तेव्हा मालकाने हे सांगितलं. दांड्याच्या चपट्या टोकांना दोन-दोन भोकं होती. मिस्त्रींनी दोन्ही लिंक आतल्या भोकातून काढून टोकाकडच्या भोकात घेतल्या. भुजा लांबली की दांडा मऊ पडतो. त्यानंतर शेताच्या वाटेवर चाक पूर्वीइतकं फिरेनासं झालं. डांबरीवर झुलणं थोडं परत आलं, ते मालकाने चालवून घेतलं, आणि वरचा एक थर कमी करून तेवढ्यासाठी वेगळी खेप धरली.