‘सरकारी कागद आहे, मग तोटा कसला?’

लातूर-नांदेडकडे ऑगस्ट-सप्टेंबर म्हणजे सहकारी बँकांच्या वार्षिक सर्वसाधारण सभांचे दिवस. अहवाल हातात आला की सभासद आधी लाभांश पाहतो, मग नफा, फार तर थकबाकी. ‘गुंतवणुका’ या शीर्षाखालचा आकडा वाचायला सहसा कुणी थांबत नाही. वास्तविक कर्जांच्या खालोखाल बँकेची सर्वात मोठी मालमत्ता बहुधा तीच असते. त्या आकड्याबद्दल चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांच्याही मनात बरेच गैरसमज आहेत आणि ते दूर होणे ठेवीदाराच्या हिताचे आहे.

या भागाला बँका नव्या नाहीत. 1976 साली नांदेडला मुख्यालय असलेली मराठवाडा ग्रामीण बँक सुरू झाली. 2009 मध्ये ती आणि औरंगाबादची महाराष्ट्र गोदावरी ग्रामीण बँक मिळून महाराष्ट्र ग्रामीण बँक झाली आणि 1 मे 2025 रोजी विदर्भ कोकण ग्रामीण बँकही तिच्यात आली. शिवाय दोन्ही जिल्ह्यांच्या मध्यवर्ती बँका, नागरी सहकारी बँका आणि राष्ट्रीयीकृत बँकांच्या शाखा आहेतच. या सगळ्यांना एक बंधन सारखेच आहे : सरकारी रोख्यांचे.

गैरसमज : बँक आपल्या ठेवी शेअर बाजारात लावते

बँकिंग नियमन कायदा, 1949 च्या कलम 24 नुसार बँकेला ठेवींचा आणि इतर देण्यांचा ठरावीक हिस्सा रोकड, सोने किंवा मान्यताप्राप्त रोख्यांत ठेवावाच लागतो. यालाच एसएलआर म्हणतात. एप्रिल 2020 पासून हे प्रमाण 18 टक्के आहे. म्हणजे अहमदपूरच्या शिक्षकाने किंवा देगलूरच्या व्यापाऱ्याने 100 रुपये ठेवले, तर त्यांतले किमान 18 रुपये अशा रूपात राहिले पाहिजेत. व्यवहारात त्याचा बहुतेक भाग केंद्र आणि राज्य सरकारांच्या कर्जरोख्यांत असतो. शेअरमधल्या गुंतवणुकीवर कडक मर्यादा आहेत आणि सहकारी बँकांना तर तिथे फारच थोडी मोकळीक आहे. ही भीती बाजूला ठेवली तरी चालेल.

गैरसमज : सरकारी रोख्यात तोटा होऊच शकत नाही

हा सर्वांत खोल रुजलेला गैरसमज आहे, कारण तो अर्धा खरा आहे. भारत सरकार रुपयातले कर्ज बुडवणार नाही. व्याज दर सहा महिन्यांनी येईल आणि मुदत संपली की दर्शनी किंमत परत मिळेल. पण मुदत संपेपर्यंत त्या रोख्याची बाजारातली किंमत सतत हलत असते.

समजा, बँकेने 10 वर्षे मुदतीचा, 7 टक्के व्याजाचा रोखा 100 रुपयांना घेतला. पुढे बाजारातला दर 8 टक्क्यांवर गेला. आता नव्या रोख्यावर 8 टक्के मिळत असताना 7 टक्क्यांचा जुना कागद कोण 100 रुपयांना घेईल? त्याची किंमत सुमारे 93 रुपयांवर येते. 100 कोटींचे रोखे असतील तर बाजारभावाने ते 93 कोटींचे झाले. सरकारने एक पैसा बुडवलेला नाही, तरी 7 कोटींचा घसारा उभा राहिला. याच रोख्याची मुदत एकच वर्ष उरली असती तर किंमत 99 रुपयांच्या आसपास राहिली असती. मुदत जितकी लांब तितका हा धोका मोठा. दर उतरले की उलट घडते : तोच 10 वर्षांचा रोखा 6 टक्के दराला सुमारे 107 रुपयांचा होतो.

हे कागदावरचे गणित नाही. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर 4 टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर नेला आणि जुन्या रोख्यांच्या किमती उतरल्या. त्याआधी 2018 मध्येही घसारा इतका वाढला होता की त्याची तरतूद चार तिमाहींत विभागून करण्याची सवलत रिझर्व्ह बँकेला द्यावी लागली.

गैरसमज : ताळेबंदातला आकडा म्हणजे रोख्यांची आजची किंमत

काही रोख्यांच्या बाबतीत तो बाजारभावाशी जोडलेला असतो, काहींच्या बाबतीत मुळीच नसतो. आपल्याकडच्या तूर उत्पादकाला हे चटकन कळेल. बियाण्यासाठी राखलेल्या तुरीला आज मोंढ्यात काय भाव आहे, याची तो रोज चौकशी करत नाही. विकायला काढलेल्या तुरीची मात्र करतो.

बँकेनेही रोखा घेतानाच ठरवायचे असते की तो कोणत्या वर्गात जाणार. सहकारी आणि ग्रामीण बँकांत असे तीन वर्ग आहेत. पहिला एचटीएम, म्हणजे मुदत संपेपर्यंत राखायचे रोखे. दुसरा एएफएस, म्हणजे विक्रीसाठी उपलब्ध. तिसरा एचएफटी, म्हणजे 90 दिवसांच्या आत विकून मोकळे व्हायचे रोखे.

एचटीएममधला रोखा खरेदीच्या किमतीलाच पुस्तकात राहतो. तो दर्शनी किमतीपेक्षा महाग घेतला असेल तर वरचे पैसे उरलेल्या मुदतीत थोडे थोडे खर्ची टाकावे लागतात. 100 कोटी दर्शनी किमतीचे रोखे 103 कोटींना घेतले आणि मुदत 6 वर्षे उरली असेल, तर दरवर्षी 50 लाख. असे केले नाही, तर सहाव्या वर्षाअखेर पुस्तकात 103 कोटी आणि हातात 100 कोटी अशी अवस्था होईल. एएफएस आणि एचएफटी या वर्गांतल्या रोख्यांचे मात्र ठरावीक काळाने बाजारभावाने मूल्यांकन होते. 2018 पासून त्यासाठीचे दर एफबीआयएल ही संस्था जाहीर करते, म्हणजे किंमत बँकेच्या मर्जीवर राहत नाही. वर्गवार बेरीज करून निव्वळ घट निघाली तर तिची पूर्ण तरतूद करायची. निव्वळ वाढ निघाली तर ती नफ्यात धरायची नाही. हा नियम सावध आहे आणि माझ्या मते लहान बँकांसाठी योग्यही आहे.

खरेदीच्या वेळचे एक बारीक कलम इथेच सांगतो. दोन व्याजतारखांच्या मध्ये रोखा घेतला तर तोवरचे व्याज विकणाऱ्याला द्यावे लागते. हे खंडित कालावधीचे व्याज रोख्याच्या किमतीत मिसळायचे नसते. मिसळले तर गुंतवणूक फुगलेली दिसते आणि नफाही.

राष्ट्रीयीकृत आणि खाजगी बँकांसाठी 1 एप्रिल 2024 पासून चौकट बदलली आहे. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2023 च्या निर्देशांनुसार एएफएसमधली वाढ आणि घट दोन्ही आता एएफएस राखीव निधीत थेट जातात. ज्यांचे मूल्यबदल नफा-तोट्यातून दाखवायचे अशा गुंतवणुकींचा वर्ग वेगळा केला असून एचएफटी त्याच्या पोटात आहे. ग्रामीण बँका या निर्देशांतून वगळल्या होत्या आणि सहकारी बँकांसाठी वेगळे निर्देश आहेत. म्हणून स्टेट बँकेचा अहवाल आणि लातूरच्या एखाद्या नागरी बँकेचा अहवाल शेजारी ठेवून गुंतवणुकीच्या आकड्यांची सरळ तुलना करू नये.

गैरसमज : तोटा दिसला की रोखे दुसऱ्या वर्गात सरकवून तो लपवता येतो

या शंकेमागे कारण आहे. एएफएसमधला घसरलेला रोखा एचटीएममध्ये नेला की पुढची घसरण पुस्तकात दिसणार नाही. म्हणूनच त्यावर कुंपण आहे. नागरी बँकांना एचटीएममधून बाहेर किंवा आत रोखे न्यायचे तर वर्षातून एकदाच, साधारणपणे आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला आणि संचालक मंडळाच्या मंजुरीने. नेताना खरेदी किंमत, पुस्तकी किंमत आणि बाजारभाव यांतली सर्वांत कमी किंमत लावायची, म्हणजे तोवरचा तोटा सोसूनच पुढे जावे लागते. एचटीएममधून विक्री आणि वर्ग-बदल 5 टक्क्यांपेक्षा जास्त झाला तर त्या रोख्यांचा बाजारभाव आणि न केलेली तरतूद अहवालाच्या टिपांत उघड करावी लागते.

गैरसमज : तरतूद केली म्हणजे पैसे गेले

घसाऱ्याच्या तरतुदीने तिजोरीतून रोकड बाहेर जात नाही. मुदत जवळ येते तशी किंमत दर्शनी किमतीकडे सरकते आणि केलेली तरतूद परत नफ्यात येते. त्या वर्षी लाभांश कमी झाला तर सभासद नाराज होतात, पण अशी तरतूद ही बँक नीट चालल्याची खूण आहे. दर उतरलेल्या वर्षांत रोखे विकून झालेल्या नफ्यातून ‘गुंतवणूक चढउतार निधी’ बांधायचा असतो. नागरी बँकांना तो एएफएस आणि एचएफटीतल्या गुंतवणुकीच्या किमान 5 टक्के ठेवावा लागतो. चांगल्या वर्षाचा सगळा नफा वाटून टाका असा आग्रह सभेत धरणाऱ्यांनी हा निधी आधी पाहावा.

मात्र ‘मुदतीपर्यंत थांबलो तर तोटा नाही’ हे वाक्य थांबणे शक्य असेल तेव्हाच खरे. अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेकडे उत्तम प्रतीचे रोखे होते. ठेवी निघू लागल्या तेव्हा मार्च 2023 मध्ये तिला सुमारे 21 अब्ज डॉलरचे रोखे 1.8 अब्ज डॉलर तोट्यात विकावे लागले. ती बातमी फुटताच ठेवीदारांची झुंबड उडाली आणि दोनच दिवसांत बँक बंद झाली.

गैरसमज : पुस्तकात लिहिलेत म्हणजे रोखे असतीलच

मराठवाड्याने याची किंमत मोजली आहे. 2002 मध्ये होम ट्रेड या दलाली कंपनीचा घोटाळा बाहेर आला. सरकारी रोखे घेऊन देते म्हणून तिने जिल्हा बँकांकडून पैसे घेतले. पैसे गेले, रोखे आलेच नाहीत. नागपूर आणि वर्धा यांच्याबरोबर उस्मानाबाद जिल्हा मध्यवर्ती बँकही त्यात सापडली. 1982 पर्यंत लातूर ज्या जिल्ह्याचा भाग होते, त्याच जिल्ह्याची, शेतकऱ्यांच्या पैशांवर उभी असलेली ही बँक. नागपूर बँकेच्या प्रकरणात तत्कालीन अध्यक्षांसह सहा जणांना न्यायालयाने 5 वर्षांची शिक्षा सुनावली ती डिसेंबर 2023 मध्ये, म्हणजे 21 वर्षांनी. त्या निकालावर पुढे अपील झाले.

या व्यवहारांत वर्गवारी आणि मूल्यांकन कितीही काटेकोर केले असते तरी उपयोग नव्हता, कारण ज्याचे मूल्य काढायचे तो कागदच नव्हता. मे 2002 मध्ये रिझर्व्ह बँकेने सरकारी रोखे केवळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपात, एसजीएल (रिझर्व्ह बँकेकडचे रोख्यांचे खाते), सीएसजीएल (दुसऱ्या संस्थेमार्फत चालणारे तसेच खाते) किंवा डीमॅट खात्यातच ठेवण्याचे बंधन घातले. त्यामुळे बँकेच्या पुस्तकातली शिल्लक आणि त्या खात्याची शिल्लक जुळते का, हे लेखापरीक्षकाला एका पत्रावर तपासता येते.

आणि हेही ध्यानात असू द्या : पतसंस्था आणि मल्टिस्टेट क्रेडिट सोसायट्या बँका नाहीत. वर सांगितलेले रिझर्व्ह बँकेचे गुंतवणुकीचे नियम त्यांना लागू नाहीत, आणि बँक ठेवींवरचे 5 लाखांपर्यंतचे विमा संरक्षणही तिथल्या ठेवींना नाही.

तेव्हा या वर्षीच्या सभेला जाण्याआधी अहवालातल्या गुंतवणुकीच्या टिपा काढून वाचा आणि अध्यक्षांना चार प्रश्न विचारा. एचटीएममध्ये किती रोखे आहेत आणि त्यांचा 31 मार्चचा बाजारभाव काय होता? चढउतार निधी किती आहे? या वर्षी वर्ग बदलले का? सीएसजीएल खात्याची शिल्लक लेखापरीक्षकांनी जुळवली का? सभासद म्हणून हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. उत्तरे सभेच्या इतिवृत्तात नोंदवून घ्या.