कुठल्या पट्टीत शिकवता?

दहावीचा निकाल लागला की शंभर टक्केवाल्यांची यादी येते आणि पाठोपाठ कलेच्या वाढीव गुणांवरचा वाद. यंदाही तेच झालं. या गुणांचा खरा परिणाम मात्र जूनमध्ये गाण्याच्या क्लासच्या दारात दिसतो. मुलाला घेऊन आलेल्या पालकांचा पहिला प्रश्न असतो, ‘दहावीपर्यंत किती परीक्षा होतील?’ अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात परीक्षा, वर्षातून दोन सत्रं. हिशेब सोपा आहे, आणि पुष्कळ शिक्षक तो हौसेने मांडूनही देतात. मुलासाठी गुरू निवडण्याची याहून वाईट रीत मला माहीत नाही.

परीक्षांशी माझं भांडण नाही. विष्णू दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि घराण्यांच्या उंबऱ्याआड राहिलेलं गाणं तुमच्याआमच्या घरांत यायची वाट मोकळी झाली. हे ऋण मोठं आहे. पण आठ वर्षांच्या पोराला आधी सुरात उभं राहता आलं पाहिजे. अर्ज भरायला आयुष्य पडलंय.

म्हणून मी ओळखीच्या प्रत्येक आईबापाला एकच प्रश्न विचारायला सांगते: माझ्या मुलाला कुठल्या पट्टीत शिकवणार? पुरुष गायक बहुधा काळी एक, काळी दोनच्या आसपास गातात. लहान मुलांचे आवाज साधारणपणे काळी चार-पाचमध्ये मोकळे लागतात. गुरुजी स्वतःच्याच पट्टीत पेटी धरून बसले की मुलाला तार सप्तकात ओरडावं लागतं. मानेच्या शिरा ताणल्या जातात, हनुवटी वर जाते, आणि घरी येऊन मूल म्हणतं, ‘मला गाणं नाही आवडत.’ त्याला गाणं आवडत नाही असं नसतं. त्याचा गळा दुखत असतो.

ठाण्यात एका बाईंचा क्लास मी पाहिला. सहा मुलं, भूप चालू होता. एक मुलगा वरच्या षड्जाला अडखळला. बाईंनी पेटी बंद केली, मोबाइलवरचा तानपुरा अर्ध्या स्वराने खाली आणला, त्याला एकट्याला सा लावायला सांगितला आणि थांबल्या. सा लागला नाही. तानपुरा आणखी खाली. या वेळी लागला, चक्क लागला. बाकीच्या मुलांनाही तो कळला, कारण खोलीत कुजबुज एकदम थांबली. बाईंनी वहीत त्याच्या नावापुढे पट्टी लिहून ठेवली. हे सगळं पाच मिनिटांत झालं. अशी वही ज्या क्लासात आहे, तिथे फी थोडी जास्त असली तरी द्यावी.

पेटी बंद करणं हीच खरी कसोटी. कायम पेटीच्या आधाराने गाणारी मुलं स्नेहसंमेलनात छान वाटतात. पेटी काढली की सूर सुटतो. त्यामुळे शिक्षकाचं स्वतःचं गाणं ऐकून भारावून जाऊ नका. त्यांच्याकडे तीन-चार वर्षं शिकलेल्या दोन-तीन मुलांना नुसत्या तानपुऱ्यावर गाताना ऐका. सगळी गुरुजींसारखीच गात असतील, तर मला काळजी वाटते.

इथे प्रा. बी. आर. देवधरांची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. पलुसकरांचे शिष्य, गिरगावात ऑपेरा हाउसजवळ त्यांचं ‘स्कूल ऑफ इंडियन म्युझिक’. तिथे अकरा-बारा वर्षांचा शिवपुत्र कोमकली आला, तो ‘कुमार गंधर्व’ हे नाव मिळवूनच. मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या तो हुबेहूब गायचा आणि सभा डोक्यावर घ्यायच्या. दुसऱ्या एखाद्या गुरूने त्या नकलेवर दौरे काढले असते. देवधरांनी त्याला शिकायला बसवलं. त्यांच्या शाळेत वेगवेगळ्या घराण्यांचे बुजुर्ग येत, गात. कुमारांना अंजनीबाई मालपेकरांकडेही शिकता आलं. शिष्य दुसऱ्या कुणाचं ऐकेल या भीतीने कान झाकणाऱ्यांतले देवधर नव्हते. शिवाय आवाजाच्या साधनेचा त्यांनी आयुष्यभर शास्त्र म्हणून अभ्यास केला. पुढे कुमार कुणासारखेच गायले नाहीत. आज मुलाला पहिल्याच वर्षी रिअ‍ॅलिटी शोच्या ऑडिशनला उभं करणारे क्लास पाहिले की मला देवधरांचा तो संयम आठवतो.

लांबचं नाव मोठं वाटतं, तेही तपासून पाहावं. गदगचे भीमसेन जोशी गुरूच्या शोधात जालंधरपर्यंत गेले. तिथे विनायकराव पटवर्धनांनी सांगितलं की सवाई गंधर्व तर तुझ्या घराजवळच आहेत. डोंबिवलीच्या मुलाने लोकलने दादर गाठून दमून गायला बसण्यापेक्षा गल्लीतल्या दक्ष शिक्षिकेकडे आठवड्यातून दोनदा चालत जावं.

ऑनलाइन तालमीचं एवढंच सांगते: आवाज क्षणभर उशिरा पोचतो, त्यामुळे गुरू-शिष्याला एकत्र गाता येत नाही. न्यू जर्सीतल्या मराठी घरांना दुसरा इलाज नसेल, पुण्यातल्यांना आहे. आणि पहिले काही महिने पालकाने कोपऱ्यात बसावं. याला हरकत घेणाऱ्या, दार लावून एकट्या मुलाला शिकवणाऱ्या क्लासातून त्याच दिवशी बाहेर पडावं.

मुलगा बाराच्या पुढचा असेल, तर आणखी एक विचारा: आवाज फुटला की काय करणार? ‘गाणं बंद ठेवू’ आणि ‘रेटून गायचं’, दोन्ही उत्तरं घातक. जाणते शिक्षक पट्टी हळूहळू उतरवतात, तार सप्तक सोडून देतात, थोडंच पण रोज गाऊन घेतात. त्या काळात पोराच्या हाती पेटी किंवा तबला देतात, बंदिशी पाठ करवतात, भरपूर ऐकवतात. नेमक्या याच सातवी-आठवीच्या वर्षांत मध्यमा परीक्षेचे अर्ज भरण्याची घाई होते आणि कितीतरी मुलगे गाणं कायमचं सोडतात. एखादं सत्र चुकवायची शिक्षकांची तयारी आहे का, हे प्रवेश घेतानाच विचारून घ्या. आपली आहे का, तेही.