अगर-अगर चूर्णाची घरगुती साठवण

‘चायना ग्रास’ या नावाने परिचित असलेले अगर-अगर लाल सागरी शैवालांपासून मिळते. बहुतेक जिवाणू त्याचे विघटन करू शकत नाहीत. म्हणूनच रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत १८८२ च्या सुमारास जिवाणू-संवर्धनासाठी त्याचा वापर सुरू झाला. कोरड्या चूर्णाचा खरा शत्रू ओलावा होय. बाष्प शोषल्याने त्याच्या गुठळ्या होतात, ते पाण्यात एकसारखे विरघळत नाही व त्यावर बुरशी येऊ शकते. म्हणून पावसाळ्यात विशेषतः ते हवाबंद बरणीत, शेगडीच्या वाफेपासून दूर ठेवावे. चमचा कोरडा असावा. फ्रीजमधील थंड बरणी लगेच उघडल्यास आत दव धरते. याउलट, दूध-साखर घालून तयार केलेली जेली जिवाणूंना पोषक ठरते. ती मात्र फ्रीजमध्येच ठेवून दोन-तीन दिवसांत संपविणे इष्ट होय.